घर्षण, झीज आणि वंगण: संशोधन कुठवर आलं, पुढे कुठे चाललं आहे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कारखान्यात देखभाल बघणारी मंडळी, मेकॅनिकलचे विद्यार्थी आणि नुसतं कुतूहल असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी आणले आहेत. घाई असेल तर झिजेवरचा प्रश्न तेवढा वाचा. माझ्या मते या विषयाचं घोडं सगळ्यांत जास्त तिथेच अडलं आहे.

ट्रायबॉलॉजी म्हणजे नक्की काय? मेकॅनिकलमधलाच एक धडा ना?

एकमेकांवर घासणाऱ्या, घरंगळणाऱ्या किंवा आपटणाऱ्या पृष्ठभागांचा अभ्यास म्हणजे ट्रायबॉलॉजी. घर्षण, झीज आणि वंगण हे तिन्ही त्यात येतात. हे विषय जुनेच होते, पण तीन वेगळ्या खात्यांत विभागलेले. धातूवाले झीज बघत, गणितवाले तेलाचा दाब मोजत, आणि तेल कुठलं घालायचं ते तेल विकणारा सांगे. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला, की याकडे नीट लक्ष दिलं तर ब्रिटिश उद्योगांचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील. तेव्हापासून हा स्वतंत्र विषय मानला जाऊ लागला. बचतीचा मोठा भाग नव्या शोधांतून नव्हे, तर आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी शॉप फ्लोअरवर पोचवण्यातून येणार होता. साठ वर्षांनंतरही हे बरंचसं तसंच आहे.

जगाची २३ टक्के ऊर्जा घर्षणात जाते म्हणतात. हा आकडा खरा का?

हा आकडा २०१७ सालच्या एका शोधनिबंधातला आहे. फिनलंडचे केनेथ होल्मबर्ग आणि अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेचे अली एर्देमिर यांनी वाहतूक, कारखाने, वीजनिर्मिती आणि घरगुती वापर असे भाग पाडून हिशेब मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के घर्षणावर मात करण्यात जाते आणि सुमारे ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात. त्यांच्याच मते नवं तंत्रज्ञान सगळीकडे वापरलं तर हे नुकसान आठ वर्षांत १८ टक्क्यांनी आणि पंधरा वर्षांत ४० टक्क्यांनी कमी करता येईल.

हा अंदाज आहे, मीटरवरचं रीडिंग नव्हे. त्यातल्या ‘सगळीकडे वापरलं तर’ या शब्दांवर बोट ठेवून वाचावं. त्यातले झिजेचे ३ टक्के वाचून गैरसमजही होतो. घर्षणाचं नुकसान रोज थोडं थोडं होतं आणि वीजबिलात मुरून जातं. झिजेने मात्र एक बेअरिंग जाम झालं तरी अख्खी लाइन उभी राहते, आणि तो खर्च ऊर्जेच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

शाळेत शिकवलेले घर्षणाचे नियम चुकीचे होते का?

चुकीचे नव्हते, वरवरचे होते. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे लिओनार्दो दा विंची यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. १६९९ साली फ्रान्सच्या आमोंताँ यांनी तेच पुन्हा मांडलं आणि अठराव्या शतकाच्या शेवटी कुलाँ यांनी त्यावर भरपूर प्रयोग केले. पण क्षेत्रफळाचा संबंध का नाही, याचं समाधानकारक उत्तर विसाव्या शतकापर्यंत नव्हतं.

ते केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी दिलं. कितीही गुळगुळीत केलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांचा असतो. दोन पृष्ठभाग फक्त शिखरांवर टेकतात आणि हे खरं टेकणं दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या कितीतरी कमी असतं. वजन वाढलं की शिखरं दबतात आणि खरं क्षेत्रफळ वाढतं, म्हणून घर्षण वाढतं. म्हणजे क्षेत्रफळाचा संबंध आहेच, आपण चुकीचं क्षेत्रफळ मोजत होतो.

१९८६ साली अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप (अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणारं यंत्र) आला आणि पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी त्याच्या टोकाने अणूंच्या पातळीवरचं घर्षण मोजलं. एकच शिखर, एकच टोक, असा प्रयोग प्रथमच शक्य झाला. दुसरीकडे खडबडीत पृष्ठभाग किती आणि कुठे टेकतील याचं गणितही पुढे सरकलं. १९६६ चं ग्रीनवुड-विल्यमसन मॉडेल आणि २००१ चा बो पेरसन यांचा सिद्धांत हे त्यातले दोन टप्पे. काही वर्षांपूर्वी जर्मनीच्या मार्टिन म्युझर यांनी जगभरच्या गटांना एकच खडबडीत पृष्ठभाग सोडवायला दिला आणि वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरं पडताळून पाहिली. उत्तम पद्धतींची उत्तरं चांगली जुळली. पृष्ठभाग लवचिक आणि कोरडा असेल तर हा प्रश्न आता बऱ्यापैकी हातात आला आहे.

तेल दोन भागांना वेगळं ठेवतं म्हणजे नक्की काय करतं?

हे लंडनमध्ये अपघाताने कळलं. १८८० च्या दशकात ब्यूशँप टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. वरच्या पितळी अर्ध्या भागात त्यांनी तेल घालण्यासाठी भोक पाडलं. यंत्र चालू केलं तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्यांनी बूच मारलं, ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी गुटका ठोकला, तोही हळूहळू वर सरकला. शेवटी तिथे दाबमापक लावला, तर बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त दाब निघाला. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आत कोंबत होता आणि त्या दाबावर तरंगत होता. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं समीकरण मांडलं. आजही बेअरिंग डिझाइनचं प्रत्येक सॉफ्टवेअर आतून तेच सोडवतं.

मात्र हे तरंगणं फुकट मिळत नाही. वेग हवा, तेल पुरेसं दाट हवं आणि भार बेताचा हवा. यातलं काहीही कमी पडलं की शिखरं शिखरांना भिडतात. याचं महाराष्ट्रातलं जिवंत उदाहरण साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये बघावं. उसाच्या चरकाचा रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो, त्यावर प्रचंड दाब असतो आणि आजूबाजूला रस आणि पाणी शिंपडलेलं असतं. इतक्या हळू फिरणाऱ्या आसाला पूर्ण तेलाचा थर उचलणं अवघडच. म्हणून तिथे वर्षानुवर्षं डांबरासारखं काळं, चिकट वंगण वापरलं गेलं. आता त्याच्या जागी सिंथेटिक वंगणं येत आहेत. त्यात दोन गोष्टी तपासाव्या लागतात: थर टिकतो का, आणि रसाच्या आंबटपणापुढे तेल टिकतं का. गळीत हंगामात मिल थांबली तर काय होतं ते कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

थर फाटल्यावर इंजिन लगेच का खराब होत नाही?

अ‍ॅडिटिव्हमुळे. म्हणजे तेलात थोड्या प्रमाणात मिसळलेल्या खास रसायनांमुळे. त्यातलं सगळ्यांत यशस्वी रसायन म्हणजे झेडडीडीपी, जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. १९४० च्या दशकात ते आलं आणि आजही जवळजवळ प्रत्येक इंजिन ऑइलमध्ये आहे. जिथे घासलं जातं नेमकं तिथेच ते शंभरएक नॅनोमीटर जाडीचा काचेसारखा फॉस्फेटचा थर तयार करतं. हा थर कसा वाढतो हे २०१५ साली संशोधकांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली चालू घर्षणातच पाहिलं. दाब वाढवला की थर वेगाने वाढतो, म्हणजे रासायनिक क्रियेला नुसती उष्णता नाही, तर ताणही ढकलतो.

अडचण अशी की त्यातला फॉस्फरस गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) खराब करतो. त्यामुळे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी त्याची मात्रा उतरवावी लागली. राखमुक्त पर्याय, आयनिक द्रव, नॅनोकण असे अनेक पर्याय प्रयोगशाळांत चांगले निकाल देतात. पण किंमत, टिकाऊपणा आणि बाकीच्या अ‍ॅडिटिव्हशी जमवून घेणं या तिन्ही गोष्टींत ऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याला अजून कोणी हटवलेलं नाही.

सुपरल्युब्रिसिटी म्हणजे घर्षण शून्य का?

शून्य नाही, पण घर्षणगुणांक (सरकवायला लागणारा जोर आणि दाबणारा भार यांचं गुणोत्तर) ०.०१ च्या खाली. तुलनेसाठी, कोरड्या स्टीलवर स्टील घासलं तर तो ०.५ च्या वर जातो.

कल्पना अशी: दोन स्फटिकांच्या अणूंच्या रांगा एकमेकींत बसल्या तर अडकतात, मुद्दाम तिरप्या ठेवल्या तर कुठेच नीट बसत नाहीत आणि सरकताना एका अणूचा विरोध दुसऱ्याच्या ढकलण्याने फिटतो. जपानच्या हिरानो आणि शिंजो यांनी हे १९९० च्या सुमारास मांडलं. २००४ साली नेदरलँड्सच्या लायडनमध्ये ग्राफाइटचा इवलासा तुकडा ग्राफाइटवर फिरवत ते मोजलं गेलं. दर ६० अंशांनी घर्षण एकदम वाढायचं, मधे जवळजवळ नाहीसं व्हायचं.

नॅनोमीटरमधलं हे प्रकरण डोळ्यांना दिसेल एवढ्या भागांवर आणणं खरं कठीण, कारण मोठ्या पृष्ठभागावर कुठेतरी एखादी कड, एखादा दोष अडकतोच. २०१५ साली आरगॉनच्या गटाने यातून युक्ती काढली. ग्राफीनच्या (एकाच अणूच्या जाडीच्या कार्बनच्या) चकत्या आणि नॅनोहिऱ्यांचे कण हिऱ्यासारख्या कार्बनच्या लेपावर टाकले. घासताना ग्राफीन त्या हिऱ्यांभोवती गुंडाळलं जाऊन सूक्ष्म गुंडाळ्या झाल्या आणि घर्षणगुणांक ०.००४ वर आला. बातम्या भरपूर आल्या. पण हा प्रयोग कोरड्या नायट्रोजनमध्ये होता. दमट हवेत घर्षण पुन्हा वर गेलं. मुंबईच्या जुलैत काय होईल ते ओळखा.

दमटपणाचं हे दुखणं जुनं आहे आणि प्रत्येक पदार्थाची खोड वेगळी. ग्राफाइटला उलट पाण्याची वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विद्युतयंत्रांतले कार्बन ब्रश भुरभुर झिजायला लागले, कारण वरच्या हवेत बाष्प नव्हतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं याच्या बरोबर उलट: निर्वातात ते उत्तम आणि दमट हवेत मंद. म्हणून एखाद्या लेपाचा घर्षणगुणांक कोणी अभिमानाने सांगितला की पहिला प्रश्न विचारावा, हवा कसली होती?

माझं मत सांगतो. सुपरल्युब्रिसिटी आधी कामाला येईल ती बंद डब्यात चालणाऱ्या छोट्या यंत्रणांत, अवकाशात आणि पाण्याने वंगण होणाऱ्या काही जागांत. ट्रकच्या गिअरबॉक्सला तिची वाट बघायला लावू नये.

झीज किती होईल हे आधी सांगता येतं का?

नाही. निदान पुलाचं आयुष्य किंवा मोटरचं तापमान जितक्या भरवशाने सांगतो तितक्या भरवशाने तर नाहीच.

१९५३ चं आर्चर्ड यांचं सूत्र सगळे वापरतात: झिजलेलं घनफळ भार आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात, आणि कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात. सूत्र देखणं आहे. पण त्यात ‘के’ नावाचा एक गुणांक आहे आणि सगळं अज्ञान त्याच्या पोटात दडलं आहे. धातूंची जोडी, तेल, हवा बदलली की हा के दहापट-शंभरपट नव्हे, लाखपट बदलतो. तो आधीच ठाऊक असेल तर सूत्र लागू पडतं. तो काढायला प्रयोग करावा लागतो आणि प्रयोग यंत्रासारखाच असावा लागतो. म्हणजे उत्तर हवं असेल तर उत्तर आधी मोजावं लागतं.

यात वाईट म्हणजे झीज सरळ रेषेत चालत नाही. भार थोडा वाढवला तरी काही होत नाही, आणखी थोडा वाढवला की झीज एका झटक्यात शेकडोपट होते. सौम्य झिजेतून तीव्र झिजेत जाण्याचा हा क्षण कधी येईल, हेच यंत्र चालवणाऱ्याला हवं असतं, आणि तिथेच सूत्र गप्प बसतं.

तरीही इथे चांगली वाटचाल झाली आहे. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने संगणकावर अणूंचे नमुने चालवून दाखवलं की दोन शिखरांचा सांधा एका ठरावीक आकारापेक्षा लहान असेल तर तो नुसता चेपला जातो, मोठा असेल तर तुटून कण सुटतो. हा आकार पदार्थाच्या गुणधर्मांवरून काढता येतो. झिजेचा कण कसा जन्मतो याचं, प्रयोग न करता मिळालेलं हे पहिलं खणखणीत उत्तर म्हणावं लागेल. आता हेच तेल, ऑक्साइडचा थर आणि आधी सुटलेले कण यांच्यासकट दाखवायचं आहे. पुढची वीस वर्षं याच कामाला जातील, आणि गेली पाहिजेत. घर्षण कमी करण्याचे शंभर मार्ग आपल्याकडे आहेत, भाग किती दिवस टिकेल ते सांगण्याचा एकही पक्का मार्ग नाही.

इलेक्ट्रिक गाडीला वंगण लागतच नाही ना?

इंजिन ऑइल लागत नाही. बेअरिंगचं ग्रीस आणि गिअरबॉक्सचं तेल लागतं, आणि त्यांच्यापुढे पूर्वी न पाहिलेले प्रश्न आहेत.

एक बेअरिंग उघडून बघा. मोटरमधून काढलेल्या खराब बेअरिंगच्या आतल्या रेसवर (बॉल ज्यावर फिरतात त्या कड्यावर) कधी कधी पन्हळी पत्र्यासारख्या समांतर आडव्या खाचा दिसतात. नख फिरवलं की जाणवतात. ग्रीस काळं पडलेलं असतं. बहुतेक वेळा दोष बेअरिंगवर ढकलला जातो, ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून. खरं कारण वीज असते. इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, त्यामुळे शाफ्टवर व्होल्टेज साचतं. बॉल आणि रेस यांच्यातला तेलाचा थर मायक्रोमीटरहून पातळ असतो. तो वीज अडवून धरतो आणि मग एकदम फुटतो. ठिणगी पडते, धातूचा एक कण वितळतो. अशा लाखो ठिणग्यांनंतर बॉल हेलकावे खाऊ लागतो आणि खाचा पडतात. सिलिकॉन कार्बाइडचे नवे इन्व्हर्टर आणखी झटकन चालू-बंद होतात, म्हणून प्रश्न तीव्र होत आहे.

उपाय आहेत: सिलिकॉन नायट्राइडचे सिरॅमिक बॉल, शाफ्टला अर्थ करणारी रिंग, वीज हळूहळू वाहू देणारं ग्रीस. प्रत्येकाची किंमत वेगळी. पण व्होल्टेजखाली अ‍ॅडिटिव्ह कसे वागतात, थर कधी फुटतो, याची मूलभूत माहिती थोडी आहे. शिवाय अनेक गाड्यांत तेच तेल मोटर थंड ठेवतं. मग त्याला गिअर सांभाळायला गंधकयुक्त अ‍ॅडिटिव्ह हवेत, आणि मोटरच्या तांब्याच्या तारांना तेच गंधक खातं. या कचाट्यातून वाट काढणं हा सध्याचा सगळ्यांत रोख पैसे मिळणारा संशोधनाचा विषय आहे. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी इकडे बघावं.

आता ब्रेकच्या धुळीवरही नियम आले म्हणे?

युरोपात आले. २०२४ साली मंजूर झालेल्या युरो ७ मध्ये ब्रेकमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांना प्रथमच मर्यादा घातली: बहुतेक मोटारींना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, पूर्णपणे इलेक्ट्रिक गाड्यांना ३ मिलिग्रॅम. म्हणजे झीज ही आता टिकाऊपणाची बाब राहिली नाही, प्रदूषणाची झाली. डिस्कवर कठीण लेप चढवणं, पॅडमधलं तांबं काढून टाकणं यावर जोरात काम चालू आहे. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे डिस्क कमी वापरली जाते आणि गंजते. मग अचानक दाबल्यावर गंजासकट घासते. टायरची झीज हा याहून मोठा डोंगर आहे, पण टायरने पकड सोडून चालणार नाही, त्यामुळे तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

जुन्या मोटरसायकलमध्ये ०डब्ल्यू-२० घातलं तर मायलेज वाढेल का?

घालू नका. ०डब्ल्यू-२० हे पातळ इंजिन ऑइल आहे. पातळ तेलाने घर्षण कमी होतं हे खरं, पण ज्या इंजिनांचे क्लिअरन्स, ऑइल पंप आणि लेप पातळ तेलासाठीच केले आहेत तिथेच. आणि बऱ्याच दुचाकींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. तेलात घर्षण कमी करणारं रसायन असलं की क्लच घसरायला लागतो. पुस्तिकेत लिहिलं आहे ते घाला.

करंज, एरंडेल अशी आपली तेलं वंगण म्हणून चालतील का?

चालतात, काही ठिकाणी उत्तम चालतात. एरंडेलाचा दाटपणा आणि धातूला धरून राहण्याचा गुण इतका चांगला, की जुन्या विमानांच्या इंजिनात ते वापरत. आजही जगातलं सगळ्यांत जास्त एरंडेल भारतात पिकतं, बरंचसं गुजरातेत. वनस्पती तेलांचा दोष म्हणजे त्यांच्या रेणूंमधले दुहेरी बंध. तिथे ऑक्सिजन चिकटतो, तेल घट्ट होतं, गोंदासारखं जमतं. रसायनशास्त्राने हे बंध मारून एस्टर बनवता येतात आणि ते छान टिकतात, फक्त किंमत चढते.

चेन सॉ, बोटीचे शाफ्ट, नदीकाठचे गेट, शेतातल्या यंत्रांचे हायड्रॉलिक अशा जागी तेल गळणारच. तिथे जैवविघटनशील तेल सरळ पटतं. अमेरिकेने २०१३ पासून मोठ्या व्यापारी जहाजांना समुद्राशी संपर्क येणाऱ्या जागी पर्यावरणस्नेही वंगण बंधनकारक केलं आहे. बंद गिअरबॉक्समध्ये मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी चौपट पैसे देऊ नयेत. तिथे तेल जास्त दिवस टिकलं की तेच पर्यावरणस्नेही.

टेफ्लॉनवर बंदी येणार का?

युरोपात २०२३ साली पाच देशांनी पीफास नावाच्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या अख्ख्या कुळावर निर्बंधांचा प्रस्ताव दिला. टेफ्लॉन आणि निर्वातात किंवा ऑक्सिजनमध्ये वापरायची काही खास ग्रीस त्यात मोडतात. काही जागी सवलती मिळतील अशी चर्चा आहे, कारण द्रव ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला दुसरं काय लावणार, हे कोणालाच ठाऊक नाही. साध्या बुश-सीलसाठी पर्याय शोधायला मात्र आत्ताच लागलेलं बरं.

अवकाशात वंगण कसं देतात?

तेल निर्वातात उडून जातं आणि थंडीत गोठतं, म्हणून बहुतेक ठिकाणी मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखा कोरडा लेप. तो बिघडला तर काय होतं याचा सगळ्यांत महागडा धडा गॅलिलिओ यानाने दिला. १९८९ साली गुरूकडे निघालेल्या या यानाचा छत्रीसारखा मोठा अँटेना १९९१ साली पूर्ण उघडलाच नाही. काही काड्यांच्या खुंट्या खोबणीत अडकल्या. चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेमुळे उड्डाण लांबलं होतं आणि त्या काळात यान ट्रकवरून कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यात ने-आण झालं. रस्त्याच्या हादऱ्यांनी खुंट्यांवरचा कोरडा लेप घासून गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. उरलेली मोहीम छोट्या अँटेनावर, अतिशय मंद वेगाने माहिती पाठवत पार पडली.

आपल्या गुडघ्यात कोणतं वंगण आहे?

पाणी, आणि ते धरून ठेवणारे रेणू. निरोगी सांध्याचा घर्षणगुणांक ०.०२ च्या खाली असतो, आणि तोही काही दशकं, दर पावलाला. कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या) पृष्ठभागावरचे हायल्युरॉनिक आम्ल, ल्युब्रिसिन आणि स्निग्ध रेणू पाण्याचे कण असे बांधून ठेवतात की दाबले तरी ते निसटत नाहीत, पण सरकू मात्र देतात. इस्राएलच्या जेकब क्लाइन यांनी यावर महत्त्वाचं काम केलं आहे.

कृत्रिम सांध्यात प्रश्न झिजेचाच निघाला. ब्रिटनचे सर्जन जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. घर्षण कमी, पण ती भराभर झिजली आणि कणांनी भोवतालचे ऊतक सुजले. १९६२ पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन वापरलं, घर्षण थोडं जास्त असूनही, आणि ते टिकलं. आजचं प्रारणाने रेणू एकमेकांशी जोडलेलं पॉलिथिलीन त्याचंच सुधारलेलं रूप. कमी घर्षण म्हणजे कमी झीज असं समीकरण डोक्यात बसलं असेल तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

या विषयाचा भूकंपाशी काय संबंध?

थेट. भूकंप म्हणजे खडकातल्या भेगेच्या दोन बाजू अडकून बसणं आणि मग एकदम घसरणं. १९७० आणि ८० च्या दशकांत डिटरिख आणि रुइना यांनी खडकांवर प्रयोग करून घर्षण वेगावर आणि टेकून राहिलेल्या वेळेवर कसं अवलंबून असतं याचे नियम बसवले. आज भूकंपाची बहुतेक मॉडेलं त्यांवर चालतात.

आपल्या घरातलं उदाहरण कोयनेचं. धरण भरल्यानंतर ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि छोटे धक्के अजून चालू आहेत. पाणी भेगांत मुरतं, खडकांवरचा परिणामी दाब कमी करतं आणि घर्षणाची पकड सैल होते. हे प्रत्यक्ष खोलीवर तपासण्यासाठी त्या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं, बेसॉल्टचा थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत.

एआयने हे सगळं सुटेल का?

काही भाग नक्की. तेलाच्या रेणूवरून त्याचा दाटपणा सांगणं, कंपनं आणि आवाजावरून बेअरिंग बिघडतंय हे आधी ओळखणं, रेनॉल्ड्सचं समीकरण झटपट सोडवणं, यात संगणकाचं शिकणं चांगलं चाललं आहे. झिजेत मात्र गाडी विदेवर (डेटावर) अडते. १९८० च्या दशकात अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी सारखेच नमुने, सारखाच भार, सारखाच वेग ठेवून चाचण्या केल्या, तरी आकडे जुळेनात. घर्षणात फरक होता, झिजेत त्याहून जास्त. शिवाय फसलेले प्रयोग कोणी छापत नाही. अशा विदेवर शिकवलेलं मॉडेल, सौम्य झीज कधी तीव्र होईल हे सांगेल, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. आधी मोजमापाची पद्धत आणि नोंदी सगळीकडे सारख्या व्हायला हव्यात. काम कंटाळवाणं आहे आणि त्याला निधी मिळत नाही.

संशोधन राहू दे. आमच्या कारखान्यात आज काय करू?

तेल स्वच्छ आणि कोरडं ठेवा. बॅरल उभं, उघड्यावर, पावसात ठेवू नका. दिवसा तापून रात्री थंड होताना ते झाकणावर साचलेलं पाणी आत ओढतं. ग्रीस गन प्रत्येक ग्रीससाठी वेगळी ठेवा, कारण लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस एकत्र आली की बऱ्याचदा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरू नका, ते तापतं. महत्त्वाच्या यंत्रांच्या तेलाचा नमुना ठरावीक काळाने तपासायला पाठवा आणि आकड्यांपेक्षा आकड्यांचा कल बघा.

हे शिकायचं असेल तर?

आयआयटी दिल्लीत या विषयाचं केंद्र आहे, बाकीच्या आयआयटींत आणि बेंगळुरूच्या आयआयएससीत गट आहेत, फरिदाबादला इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र आहे. एनपीटीईएलवर व्याख्यानं फुकट मिळतात. पुण्यात एआरएआय (वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था) आणि वाहन उद्योगामुळे चाचण्यांचं काम भरपूर. रसायनशास्त्रवाल्यांनीही यावं, मेकॅनिकलवाल्यांची इथे खरी अडचण तीच आहे.

वापरलेलं इंजिन ऑइल कुठे द्यायचं?

गटारात, शेतात किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडायला नको. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. सर्व्हिस सेंटरला परत द्या. गॅरेजवाला घेत असेल तर तो पुढे कोणाला विकतो ते विचारा. भट्टीत जाळायला नेणारा गाडीवाला नेहमी दोन पैसे जास्त देतो.